काठ आणि कठडा

भाचा : मावशी, तेलीबांधा तलावावर तुझ्याबरोबर फिरायला मला आवडतं, पण रायपूरकरांसारखं त्याला मरीन ड्राइव्ह म्हणायला माझी जीभ वळत नाही. मी गिरगावात वाढलो. तिथे कट्ट्यावर बसलं की समोरच्या पाण्याला दुसरा काठच नसतो. पावसाळ्यात मोठी भरती असली की लाट कट्टा ओलांडून रस्त्यावर येते. इथे पाण्यापलीकडे लगेच इमारती दिसतात आणि पाठीमागून जी. ई. रोडची वाहतूक वाजत असते. मुंबई इथून रेल्वेने अकराशे किलोमीटरहून लांब. रायपूरच्या माणसाला समुद्र पाहायचा असेल तर तो पुरीची गाडी धरतो, नाहीतर विशाखापट्टणमची. मग तलावाला समुद्राचं सोंग कशासाठी द्यायचं? छत्तीसगडाएवढी तलावांची परंपरा देशात फार थोड्या ठिकाणी असेल. रतनपूर, आरंग, मल्हार अशा जुन्या गावांबद्दल लोक 'छै आगर छै कोरी' तलाव सांगतात. आपल्याकडची म्हातारी माणसं म्हणतील तसं, सहा विसा आणि वर सहा, म्हणजे 126. ज्यांच्या घरात एवढं आहे त्यांनी दुसऱ्याचा किनारा का आणावा?

मावशी : मुंबईचं नाव काढलंस म्हणून तिथूनच सुरुवात करते. तुमचा मरीन ड्राइव्ह तरी समुद्राने कुठे दिला होता? बॅकबेत भराव घालून, पाणी मागे सारून ती जमीन काढली. त्या कामावर इतका पैसा गेला की लोक त्याला गव्हर्नर लॉइडचा मूर्खपणा म्हणायला लागले. वीर नरिमन यांनी त्यातला गैरव्यवहार चव्हाट्यावर आणला आणि त्यावरून झालेला खटला गाजला. त्याच भरावावरच्या आर्ट डेको इमारती 2018 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. म्हणजे एका पिढीला जो उधळेपणा वाटला तो पुढच्या पिढीला वारसा वाटला. आणि समुद्र नसताना चौपाटी करणारं रायपूर पहिलं थोडंच आहे? कोल्हापूरकर रंकाळ्यावर चौपाटीला जातात, आम्ही नागपूरच्या मुली फुटाळ्यावर जायचो. तिथे कुणाला खारा वारा हवा नसतो. उन्हात तापलेल्या शहरात संध्याकाळी पाण्याजवळ उभं राहावं, चार माणसं दिसावीत, पाय मोकळे व्हावेत, एवढंच माणसाला हवं असतं. इथे मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो. माझ्या तात्यापाऱ्याच्या घरात रात्री भिंतीसुद्धा तापलेल्या असतात.

मी लग्न होऊन आले तेव्हाचा तेलीबांधा तू पाहिला नाहीस. काठाला दाटीने झोपड्या होत्या, सांडपाणी सरळ तलावात जायचं, आणि दिवे लागल्यानंतर बाईमाणसाने तिथे जावं असं कुणी म्हटलं नसतं. आता रात्री नऊ वाजता मी एकटी जाते. शेजारून शाळेतल्या मुली गुपचुप, म्हणजे पाणीपुरी, खात जातात, म्हातारे जोडीने चालतात, बस्तरहून शिकायला आलेली पोरं बाकावर गप्पा मारत बसलेली असतात. रायपूर 2000 साली राजधानी झालं आणि शहर भराभर वाढलं. दुकानं वाढली, रस्ते वाढले, पण विकत काही न घेता तासभर बसता येईल अशी जागा वाढत नव्हती. ती या तलावाने दिली. नाव कुठलंही असो.

भाचा : नावाचा हट्ट मी सोडतो. तुझं संध्याकाळचं फिरणंही मला हवंच आहे. माझी शंका वेगळीकडे आहे. समुद्राला कुणी सांभाळावं लागत नाही. निदान आपल्या जन्मात तरी तो आपल्यामुळे आटत नाही, आणि रोज दोन वेळा भरती-ओहोटी काठ धुऊन जाते. तलावाचं तसं नसतं. तो माणसाने बांधलेला असतो आणि माणसानेच तो जिवंत ठेवावा लागतो. छत्तीसगडी तलावाचा एकेक भाग बघ. मातीचा पार, पाणी गाळून आत सोडणारा पैठू, जास्तीचं पाणी बाहेर काढणारी वाट, उतरायला दगडी पायऱ्यांच्या पचऱ्या. काही गावांत तलावाचं रीतसर लग्न लावत आणि मधोमध लाकडी स्तंभ उभा करत. पाणी कुठवर आलंय ते त्या स्तंभावर गावाला दिसायचं. हे सगळं टिकलं ते निस्तारामुळे. आंघोळ, कपडे, गुरांचं पाणी, दहाव्याचे विधी, लग्नातल्या पूजा, सगळं त्या पाण्यात व्हायचं. पाणी बिघडलं की त्याच दिवशी शंभर माणसांच्या अंगाला कळायचं. मग गाळ काढायला माणसं निघायची.

याचा पुरावा तुझ्या माहेरच्या बाजूलाच आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात कोहळी समाजाने बांधलेले हजारो तलाव आहेत, ज्यांना आपण मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतो. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, आणि जायलाच हवी होती. तलाव सरकारकडे आले. गावाचा निस्ताराचा हक्क कागदावर राहिला, पण डागडुजीची जबाबदारी गावाच्या हातातून सुटून खात्याकडे गेली. त्यानंतर किती तलाव गाळाने भरले ते त्या भागातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचार. वापरणारा आणि राखणारा वेगळे झाले की तलाव मरायला लागतो. तेलीबांध्यावर आपण नेमकं तेच केलं. काठावर फरशी घातली, बहुतेक काठ कठड्यामागे बंद केला, आणि पाणी फक्त बघायचं ठेवलं. जो नुसता बघतो त्याला पाण्याचं दुखणं कसं कळणार?

मावशी : तू ज्या तलावांची गोष्ट सांगतोस ते सगळ्यांचे होते असं फार सहज धरून चालतोस. त्या शंभर माणसांत कोण कोण होतं ते विचारशील की नाही? पचऱ्या दगडाच्या असतील, पण कोणी कुठल्या पचरीवर उतरायचं ते जात ठरवायची. कुणाचा घाट पाण्याच्या कुठल्या बाजूला, कुणी कुणाच्या आधी पाणी घ्यायचं, कुणाची सावली कुठे पडायची, हे सगळं ठरलेलं होतं. महाडचं चवदार तळं नगरपालिकेने ठराव करून सगळ्यांना खुलं केलं होतं, तरी 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकरांना हजारो माणसं घेऊन तिथे पाणी प्यायला जावं लागलं. त्यानंतर लोकांना मार पडला, तळ्याचं शुद्धीकरण झालं, आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला 1937 उजाडलं. तुझ्या निस्ताराच्या चित्रात हे कुठे बसतं?

आणि बायकांचं काय? आंघोळ, कपडे, गुरांचं पाणी असं तू एका दमात म्हणून टाकलंस. माझ्या सासूबाई पहाटे अंधारात तलावावर जायच्या, कारण उजेडात अंग धुता येत नसे. थंडीत ओल्या लुगड्याने घरी यायच्या. डोक्यावर कपड्यांचा पिळा, कमरेवर हंडा. घरात नळ आला त्या दिवशी त्यांनी नळाला हळदकुंकू लावलं होतं. तलावाशी नातं तुटलं म्हणून आमच्या घरात कुणी हळहळलं नाही. ज्याला तू तलावाचा जिवंतपणा म्हणतोस तो बायकांच्या पाठीवर उभा होता. आज मी त्या काठावर चपला घालून, हात मोकळे सोडून चालते, आणि माझी जात कुणी विचारत नाही. हे कमी आहे असं मला कुणी समजावू नये.

भाचा : हे मला मान्य आहे, आणि मी ते आधी बोलायला हवं होतं. पण महाडचं नाव घेतलंस तर महाडला काय घडलं ते नीट बघू. बाबासाहेब तळ्याच्या काठावर फेरी मारून परत गेले नाहीत. पायऱ्या उतरून खाली गेले आणि ओंजळीत पाणी घेतलं. भांडण पाणी दिसण्याचं नव्हतंच, दिसत तर सगळ्यांनाच होतं. भांडण हात लावण्याचं होतं. जी गोष्ट इतकी मोठी किंमत मोजून मिळवली ती आपण आता सगळ्यांनाच नाकारतो, आणि सगळ्यांना सारखीच नाकारली म्हणून तिला समता म्हणतो. पचरीवरची जात घालवायची होती, त्याऐवजी पचरीच घालवली.

बायकांच्या कष्टांबद्दल तू म्हणालीस त्यात खोडायला काही नाही. नळ यायलाच हवा होता. तरी एक विचारतो. काठावरच्या झोपड्या हलल्या, त्यांतल्या बऱ्याच कुटुंबांना जवळच बांधलेल्या इमारतींत पक्की घरं मिळाली. हे चांगलंच झालं, अनेक शहरांत लोकांना वीस किलोमीटर लांब फेकतात. पण तलावाचं रोज काम असलेली माणसं तीच होती. त्यांना घर मिळालं आणि तलावाशी असलेला व्यवहार गेला. उरलो आपण, संध्याकाळी तासभर येणारे. आपल्याला दिव्यांचं प्रतिबिंब दिसतं. रात्री अडीच वाजता त्या पाण्यात काय चालतं ते आपल्याला दिसत नाही.

मावशी : काय चालतं?

भाचा : बंद पाण्यात सांडपाणी जात राहिलं की त्यातला नत्र आणि स्फुरद शेवाळाला खत होतो. दिवसा ऊन असतं, शेवाळ ऑक्सिजन सोडतं, पाणी हिरवं पण जिवंत दिसतं. रात्री तेच शेवाळ श्वास घेतं, त्यात तळाचा कुजणारा गाळ भर घालतो, आणि पहाटेच्या आधी पाण्यातला ऑक्सिजन इतका खाली जातो की मासे वर येऊन तोंड उघडतात. सकाळी फिरायला येणाऱ्याला मेलेले मासे दिसतात, आणि मग कुणीतरी विष घातलं अशी चर्चा होते. रंकाळ्याचं पाणी असंच निळ्या-हिरव्या शेवाळाने भरलं होतं. चौपाटी होती, भेळ होती, पाण्यावर प्रेम करणारं अख्खं कोल्हापूर होतं, तरी नाल्यांचं पाणी वर्षानुवर्षं आत येत राहिलं. सांडपाणी शुद्ध करणारं यंत्र बसवलं की झालं असंही नाही. ते रोज चालावं लागतं, आणि चालत नसेल तर कुणाच्या तरी अंगाला ते कळावं लागतं.

दुसरी गोष्ट काठाची. तलावाला उथळ, चिखलाचा, गवताचा काठ लागतो. तिथे पाणी गाळलं जातं, मासे अंडी घालतात, बगळे उभे राहतात. उभी भिंत आणि वर फरशी केली की तलावाची टाकी होते. रायपूरला वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो, जवळजवळ सगळा चार महिन्यांत. तो पाऊस वरच्या जमिनीवरून तलावात यायचा तेव्हा मातीतून गाळून यायचा. आता तो रस्त्यावरून, गटारावरून येतो, किंवा गटारानेच दुसरीकडे जातो. समुद्राला हे सगळं झेपतं, निदान बराच काळ झेपतं. तलावाला समुद्राचा पोशाख घातला की आपण त्याला समुद्रासारखं वागवायला लागतो, आणि माझं भांडण तिथे आहे.

मावशी : तुझं शेवाळाचं शास्त्र खरं असेल. पण एक जमाखर्च तूही मांड. रजबंध्याचा तलाव कुठे आहे? आज तिथे रजबंधा मैदान आहे, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या आहेत. शास्त्री बाजार जिथे भरतो तिथे लेंडी तालाब होता असं जुने लोक सांगतात. हे तलाव बुजले तेव्हा त्यांना पचऱ्या नव्हत्या का? होत्या. निस्तार नव्हता का? होता. तरी बुजले, कारण घरात नळ आला, तलावाकडे पाठ फिरली, आणि पाठ फिरलेल्या जागेवर पहिल्यांदा कचरा पडतो, मग मुरूम, मग दुकानाचा पाया. वापरणारा हा तलावाचा राखणदार असतो हे तुझं म्हणणं त्या काळापुरतं बरोबर होतं. वापर गेला की तुझा राखणदार रात्रीत नाहीसा होतो. मग तलाव कोणाच्या भरवशावर राहणार? मी सांगते, बघणाऱ्यांच्या. आज तेलीबांधा बुजवायचं नुसतं कुणी बोलून बघावं. 2016 साली तिथे 82 मीटर उंच खांबावर तिरंगा लावला. देशभरातून माणसं येऊन तिथे फोटो काढतात. बूढा तालाबाच्या मधोमध विवेकानंदांचा पुतळा बसवला, तोही तलाव आता कुणी गिळू शकत नाही. तुझ्या लग्नाच्या स्तंभाचं काम आज हा खांब आणि तो पुतळा करतात. गावाची नजर तलावावर ठेवतात.

तुझ्या ताईकडे इंग्लंडला गेले होते तेव्हा ती मला साउथएंडला घेऊन गेली. तिथे समुद्रात आत गेलेला धक्का आहे, दोन किलोमीटरहून लांब, तसला करमणुकीचा धक्का जगात सर्वांत लांब. मी चालत टोकापर्यंत गेले, येताना त्यावरच्या छोट्या आगगाडीने आले. तो एवढा लांब का बांधला ते तिने सांगितलं. ओहोटीला तिथलं पाणी फार दूर जातं आणि मागे नुसता चिखल राहतो, बोटी काठाला लागत नाहीत. म्हणून 1830 साली लाकडी धक्का बांधला आणि तो पुढे पुढे वाढवत नेला. आजचा लोखंडी धक्का 1889 चा. पुढे बोटीने येणारी गर्दी ओसरली. धक्क्याचं मूळ काम संपलं. तो मोडीत गेला का? आगी लागल्या, एक जहाज येऊन धडकलं, 1980 मध्ये नगरपालिकेने तो बंद करायचं ठरवलं. त्याला विरोध कोणी केला? बोटीने उतरणाऱ्यांनी नाही, ते राहिलेच नव्हते. ज्यांना तिथे नुसतं चालायचं होतं, आइस्क्रीम खायचं होतं, लहानपणी आईबापांबरोबर आलेले होते, त्यांनी. धक्का आजही उभा आहे. कामाची वस्तू करमणुकीची झाली म्हणजे ती मेली, हे मला पटत नाही. कधीकधी करमणुकीनेच ती वाचते.

भाचा : हे उदाहरण तू चांगलं काढलंस, माझ्याकडे त्याला पुरतं उत्तर नाही. तरी दोन गोष्टी वेगळ्या आहेत. साउथएंडचा धक्का मोडतो तेव्हा दिसतो. लोखंड गंजतं, फळी निखळते, आग लागली की किनाऱ्यावरून धूर दिसतो. चालणाऱ्याच्या पायाखालीच ती वस्तू असते, म्हणून चालणारा तिची काळजी करतो. तेलीबांध्याला चालणाऱ्याच्या पायाखाली फरशी असते, पाणी नसतं. फरशी फुटली की तक्रार होते, दिवा गेला की तक्रार होते. पाणी बिघडलं तर वास यायला लागेपर्यंत तक्रार होत नाही, आणि तोपर्यंत बिघाड तळापर्यंत गेलेला असतो. दुसरं म्हणजे त्या धक्क्याच्या टोकाला समुद्रात माणसं वाचवणाऱ्या बोटीचं ठाणं आहे, लोक गळ टाकून मासे धरतात. थोडं का होईना, पाण्याशी काम उरलंय. आपला भाऊचा धक्का बघ. त्याला कुणी सुंदर म्हणणार नाही. पहाटे मासळीचा लिलाव, रेवसला आणि मोऱ्याला जाणाऱ्या लाँचा, बर्फ, चिखल, शिव्या. पण तिथल्या पाण्याला काय झालं ते पहिल्यांदा तिथल्या माणसाला कळतं.

आणि बघणाऱ्यांच्या भरवशावर तलाव वाचतो हे खरं धरलं, तरी बघणाऱ्यांना काय आवडतं त्यावर तो तलाव पुढे कसा होणार ते ठरतं. बघणाऱ्याला कारंजं आवडतं. फुटाळ्याला तेच झालं. कारंजं, प्रेक्षकांसाठी गॅलरी, त्यावरून भांडण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत. 2017 चे पाणथळ जागांचे नियम काढून वाच. पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, करमणुकीसाठी मुद्दाम बांधलेले जलाशय त्यांत पाणथळ म्हणून धरलेले नाहीत. म्हणजे आपल्याकडचा कुठला तलाव बांधलेला नाही सांग? सगळेच माणसाने बांधलेले. निस्तारासाठी बांधलेला तलाव एकदा मनोरंजनाची जागा म्हणून सगळ्यांच्या डोक्यात बसला, की त्याच्यासाठी भांडायला जमीनच राहत नाही. तिकीट लावा, बोटी वाढवा, काठावर आणखी चार दुकानं द्या, याला नाही कशाच्या आधारावर म्हणायचं?

मावशी : तिकिटाला नाही म्हणायला मी सगळ्यांच्या पुढे असेन, ते तू माझ्यावर सोड. त्या जागेचं मोल ती फुकट आहे यातच आहे. पण तुझ्या बोलण्यात एक गोष्ट मला सारखी खटकते. बघणाऱ्याला तू हलका समजतोस. जणू बघणं म्हणजे काहीच न करणं. सकाळी फिरायला येणारे म्हातारे त्या तलावाचा रंग रोज बघतात. कुठल्या कोपऱ्यात फेस येतो, कुठल्या बाजूने वास येतो, पाणी किती उतरलं, हे ते एकमेकांना सांगतात. पाणकोंबड्या कमी झाल्या हे मला कुठल्या अहवालाने नाही कळलं, त्यांच्याकडून कळलं. त्यांच्या हातात पाणी मोजायचं साधन नाही, त्यांचं ऐकणारं कुणी नाही, हा त्यांचा दोष नाही. तुझ्यासारख्या शिकलेल्यांनी त्यांना ऑक्सिजन कसा मोजायचा ते दाखवावं, आकडा रोज त्या तिरंग्याखाली फळ्यावर लिहावा. गणपतीचं विसर्जन तलावांतून काढून महादेवघाटाच्या कुंडात नेलं तेव्हा किती कुरकुर झाली. आमच्या महाराष्ट्र मंडळातही झाली. पण लोकांनी ते मानलं, कारण कुणीतरी नीट समजावून सांगितलं. पाण्यात उतरल्याशिवाय माया लागत नाही हे तू गृहीत धरतोस. मला नाही ते दिसत. मी त्या पाण्याला कधी हात लावला नाही, तरी ते आटलं तर मला झोप लागणार नाही.

भाचा : फळ्याची कल्पना मला आवडली, आणि ती मी घेतो. पण तुला झोप लागणार नाही म्हणून महापालिकेला जाग येईल का? माझं मागणं छोटं आहे. सगळा कठडा काढा असं मी म्हणत नाही. एका बाजूला, जिथे लोक कमी असतात तिथे, पचरी परत करा. पन्नास पावलांची. जात नाही, तिकीट नाही, कुणीही उतरावं. छठला अर्घ्य देणारी बाई उतरेल, दहाव्याला कुणी उतरेल, एखादं पोर पाय बुडवेल. त्या पायऱ्यांवर जे पाणी असेल ते माणसाच्या अंगाला लागेल, आणि अंगाला लागणारं पाणी घाण ठेवणं कुठल्याही अधिकाऱ्याला जड जातं. बघायचं पाणी हिरवं असलं तरी चालतं. अंगाला लावायचं पाणी हिरवं चालत नाही. एवढ्या एका बाजूने पूर्ण तलावाची कसोटी लागेल.

मावशी : आणि पहिलं पोर बुडलं की?

भाचा : गिरगाव चौपाटीवर दरवर्षी कुणीतरी बुडतं. म्हणून मुंबईने समुद्राला कठडा घातला नाही. जीवरक्षक ठेवले, झेंडे लावले, भोंगे लावले.

मावशी : समुद्राला कठडा घालता येत नाही म्हणून घातला नाही. तलावाला येतो, म्हणून पहिल्या मृत्यूनंतर दुसऱ्या दिवशी घालतील, आणि त्या वेळी तो घालू नका म्हणायची हिंमत तुझ्यात नसेल. माझ्यातही नसेल. पण बुडण्याचं सोड, ते जीवरक्षकाने सुटेल. माझा अडथळा दुसराच आहे. तू म्हणतोस माणूस उतरला की पाणी स्वच्छ ठेवावं लागेल. म्हणजे आधी माणूस उतरणार, घाण पाण्यात, आणि त्याच्या अंगावर काही उठलं की मग यंत्रणा हलणार. ते अंग कुणाचं असेल? शंकरनगरच्या बंगल्यातल्या बाईचं नसेल, माझंही नसेल. ज्या बाईच्या घरी आठवड्यातून दोन दिवस नळ येत नाही, तीच पहिली त्या पचरीवर उतरेल. तुझी कसोटी तिच्या कातडीवर लागणार. आधी नाले वळवा, आधी पाणी दाखवा, मग पायऱ्या बांधा, तोपर्यंत मी कठड्याच्या बाजूने आहे.

भाचा : आणि मला भीती ही आहे की पायऱ्या नसल्या तर नाले कधीच वळणार नाहीत. कठड्यामागून दिसणारं पाणी पुरेसं स्वच्छ आहे असं म्हणत प्रत्येक वर्ष निघून जाईल. तू म्हणतेस ती बाई आज कुठे कपडे धुते, मावशी? ती पाण्यात उतरायची थांबलेली नाही. ती शहराच्या कडेच्या कुठल्यातरी तलावावर गेली आहे, जिथे फरशी नाही, दिवे नाहीत आणि पाणी मोजायला कुणीच जात नाही. तिला तेलीबांध्यापासून वाचवून आपण तिला कशापासून वाचवलं?

मावशी : हे मी धरलं नव्हतं. त्या तलावाचं नाव मला सांगता येणार नाही, आणि तुलाही येणार नाही. मग तुझी पचरी आधी तिथे बांधायला हवी, की माझा फळा?